अप्पांचा हातिमताई

आमच्या घरातल्या हातिमताईला आठ सवाल होते. मूळ किश्श्यात ते सातच आहेत, हे मला पुस्तक हाती पडल्यावर कळलं. अप्पांना, म्हणजे माझ्या चुलत आजोबांना, मी ते सांगायला गेलो तर म्हणाले, "पुस्तकवाल्याचा एक ऱ्हायला असंल."

अप्पा तरुणपणी माण-खटाव भागात फिरणाऱ्या एका तंबू टॉकीजवर होते. आधी डोअरकीपर, मग ऑपरेटरच्या हाताखाली. दिवाळी झाली की तंबू निघायचा आणि मृगाच्या तोंडावर गुंडाळला जायचा. मधल्या महिन्यांत जत्रा धरायच्या. म्हसवडचा सिद्धनाथ, पुसेगावचे सेवागिरी महाराज, पालचा खंडोबा. दिवसा लाऊडस्पीकरची गाडी गावातून ओरडत फिरे. रात्री कनातीच्या आत एका अंगाला बाया, एका अंगाला गडी, मधे कापड. बसायला पोतं ज्याचं त्यानं आणायचं. कौटुंबिक चित्रपट असला की कनात कशीही ताणली तरी चाले, पण तलवारीचा चित्रपट लागला की खुंट्या दुप्पट ठोकाव्या लागत, कारण पोरं खालून सरपटत आत शिरत. माल कुठला चालतो हे अप्पा त्या खुंट्यांवरून सांगत.

हा तलवारीचा माल बराचसा मुंबईत, होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्समध्ये तयार होई. १९३५ साली 'हंटरवाली'त नादियाच्या हाती चाबूक देणाऱ्या वाडिया बंधूंपैकी हे धाकटे. १९५२ साली 'अलादीन और जादुई चिराग', १९५४ साली 'अलीबाबा और चालीस चोर', १९५६ साली 'हातिमताई'. 'अलादीन'मधली शहजादी मीनाकुमारी होती. त्याच वर्षी 'बैजू बावरा' आला आणि ती या जादूच्या दुनियेतून कायमची निघून गेली. महिपाल मात्र राहिला. अलादीनही तोच, अलीबाबाही तोच, पुढे 'जबक'ही तोच. शांताराम बापूंनी त्याला 'नवरंग'मध्ये कवी केला, तरी आमच्याकडच्या बायांना तो पगडी आणि तलवारीतच आवडायचा.

पैसा थोडा, म्हणून सगळं पुन्हा पुन्हा वापरायचं. आईचे मामा लालबागला गिरणीत साचे चालवत. त्यांच्या चाळीतला एक जण सुटीच्या दिवशी चेंबूरच्या स्टुडिओत सैनिक म्हणून उभा राही. सकाळी तो राजाच्या बाजूनं पडायचा, जेवून आल्यावर पगडी बदलून दुष्ट वजिराच्या बाजूनं पडायचा. मामांनी चाळीतल्या मंडळींसह तो चित्रपट पाहिला तेव्हा पडद्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे शेजाऱ्याची दुसरी मरणवेळ शोधत होते. या प्रेक्षकांना खोटेपणा दिसत नव्हता असं समजणारे समीक्षक मला नेहमीच थोडे भाबडे वाटत आले आहेत. गिरणगावाला हे चित्रपट परके नव्हतेच. भगवान पालव, आपले भगवानदादा, गिरणी कामगाराचेच चिरंजीव. 'अलबेला'च्या आधी वर्षानुवर्षं ते स्वस्तातले मारधाडीचे चित्रपट काढत होते. कपडेपटापासून जेवणापर्यंत सगळी व्यवस्था स्वतःच पाहत.

पण खरी कमाल बाबूभाई मिस्त्रींची. सुरतेचा हा माणूस. १९३७ साली विजय भट्टांच्या 'ख्वाब की दुनिया'त त्यानं अदृश्य माणूस दाखवला. मागे काळा पडदा, वस्तूला काळा धागा, धागा ओढला की वस्तू आपोआप उठून चालू लागे. तेव्हापासून त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. पुढे वाडियांकडे त्यांनी बरीच वर्षं काढली. निम्मं भिंग झाकून अर्धी चौकट टिपायची, फिल्म मागे गुंडाळायची, मग उरलेली अर्धी टिपायची. एक पाय उतावळा पडला तर सगळं पहिल्यापासून.

अप्पांनी मला फिल्मचा एक तुकडा दिला होता. दहाबारा चौकटी असतील. दोन्ही कडांना भोकं, मधे उडत्या सतरंजीवर बसलेला माणूस. बल्बचं बूड फोडून, आतलं काढून त्यात पाणी भरायचं, उन्हात आरसा धरायचा, आणि आजीच्या धुवट लुगड्यावर तो माणूस भलामोठा होऊन उलटा लटकायचा. सतरंजीच्या कोपऱ्यातून एक बारीक काळी रेघ वर गेलेली दिसे. मी म्हणायचो ओरखडा आहे. अप्पा अंगावर येत. ओरखडा चौकटीचौकटीला जागा बदलतो, ही रेघ सतरंजीबरोबर सरकते, तेव्हा तार आहे, आणि ती दिसली म्हणून जादू कमी होत नाही. सतरंजी उडते आहे ना, मग झालं!

आता आठव्या सवालाचं. मुंबईतून निघालेली प्रिंट जिल्ह्याची गावं फिरून तंबूपर्यंत पोचे तेव्हा तिची पार चाळण झालेली असे. भोकं फाटलेली, सांधे जागोजागी. तुटलं की ऑपरेटरनं दोनचार चौकटी कापायच्या आणि चिकटवून पुढे जायचं. असं प्रत्येक गावात. एका साली 'हातिमताई'ची पेटी आली ती एक रीळ गिळूनच. मालकानं अप्पांच्या हाती माईक दिला: "सांग मधलं." अप्पांना मधलं आठवेना. त्या सुमारास बाबूभाईंचाच 'पारसमणि' (१९६३) त्यांच्या डोक्यात ताजा होता. त्यांनी तोच मणी आणायला हातिमला धाडलं, वाटेत दोन राक्षस घातले आणि पुढचं रीळ सुरू होईपर्यंत त्याला परतही आणलं. लोक खूश. पुढच्या साली धड प्रिंट आली, साती सवाल शाबूत. तरी खेळ संपल्यावर कुणी उठेना. मागल्या वर्षीचा मणी कुठे गेला म्हणून गलका झाला. अप्पांना पुन्हा माईक घ्यावा लागला. मग ते दर वर्षीचंच झालं.

या चित्रपटांचं वेड इतकी वर्षं टिकलं ते या भोकांमुळे, असं मला वाटतं. गोष्ट अलीकडे 'अरेबियन नाइट्स'ला जोडलेली, पलीकडे 'चांदोबा'तल्या वेताळाला. मधे कुठेही टाका घालता यायचा. 'बाहुबली'त सगळं इतकं चिरेबंद आहे की सांगणाऱ्याला हात घालायला जागाच नाही. मी तो आवडीनं पाहिला, पण घरी येऊन कुणाला सांगावासा वाटला नाही.

गेल्या दिवाळीत आत्याला, अप्पांच्या थोरल्या लेकीला, मोबाइलवर जुना 'हातिमताई' लावून दिला. चष्मा पुसून ती बराच वेळ पाहत राहिली. शकीला आल्यावर "हीच ती" म्हणून मान हलवली. मग हातिम घोड्यावरून उतरला.

"ह्यो कोण?"

"जयराज. मोठा नट. पुढे फाळके पुरस्कार मिळाला त्याला."

"मिळाला असंल. पर हातिम न्हवं ह्यो. आमच्या तंबूत महिपाल हुता."

महिपाल 'अलीबाबा'त होता, यात नव्हता, हे मी तिला तारखांसकट सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "दुसरी प्रिंट बघ."