गाडीवरच्या मेणाची कुळकथा

नव्या गाडीला हार घालून नारळ फोडतो न फोडतो, तोच शोरूममधला माणूस दरपत्रक पुढे करतो: टेफ्लॉन, सिरॅमिक, पीपीएफ, शिवाय सीट आणि डॅशबोर्डचं वेगळं. या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष मात्र ब्राझीलमधलं एक ताडाच्या कुळातलं झाड आहे.

कार्नौबा त्याचं नाव. ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी मुलखात ते वाढतं आणि पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यांच्यावर मेणाचा थर चढवतं. कोरड्या ऋतूत पानं तोडतात, उन्हात वाळवतात आणि झोडपतात. जी भुकटी पडते ती वितळवून गाळली की हे मेण तयार. मधमाशीचं मेण ६३ अंशांच्या आसपास वितळतं, तर हे ८२ च्या पुढे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते टिकतं ते म्हणूनच.

मोटार जन्मली तेव्हा तिला स्वतःची रंगविद्या नव्हती. ती घोडागाड्या बांधणाऱ्यांकडून आली. जवसाचं तेल आणि राळ यांचं व्हार्निश, हातावर हात, मध्ये घासकाम, आणि वाळायला कित्येक आठवडे. एवढं करूनही ऊन लागलं की ते पिवळं पडे, तडकत असे. एवढा खटाटोप स्वस्त गाडीला परवडणारा नव्हता; फोर्डने १९१४ नंतर बरीच वर्षं मॉडेल टी फक्त काळ्या रंगात काढली. मग १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपॉन्ट कंपनीचा ‘ड्यूको’ आला. हा नायट्रोसेल्युलोजचा रंग फवाऱ्याने मारता येई आणि आठवड्यांचं काम दिवसांवर येई.

पण ड्यूकोला आपोआप झळाळी नव्हती, ती घासून आणावी लागे. वर उन्हाने तो खडूसारखा भुरकट होई. म्हणजे कारखान्याचे आठवडे वाचले आणि मालकाचे रविवार गेले. हातात फडकं, समोर मेणाचा डबा. मेणाचा खप वाढला. अमेरिकेतल्या रॅसीन गावच्या जॉन्सन कंपनीला तर कार्नौबाच्या पुरवठ्याची चिंता पडली आणि १९३५ मध्ये मालक हर्बर्ट जॉन्सन स्वतः सिकोर्स्की एस-३८ या जमिनीवर आणि पाण्यावरही उतरणाऱ्या विमानातून झाडाच्या शोधात ब्राझीलला गेले. विमानाचं नावही ‘कार्नौबा’च ठेवलं होतं.

पुढची पिढी प्रयोगशाळेतली. टेफ्लॉन १९३८ मध्ये ड्यूपॉन्टच्याच रॉय प्लंकेट यांच्या हाती अचानक लागलं. ते वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर बसवायचं तर भट्टीत भाजावं लागतं, आणि तेवढी आच गाडीला दिली तर रंगच जळेल. त्यामुळे गाडीवर ‘टेफ्लॉन कोटिंग’ म्हणून जे घासलं जातं, त्यात खरा गुण बरोबरच्या पॉलिशचा असतो. पीपीएफचं, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मचं, मूळ रणांगणात आहे: व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून पॉलियुरेथेनची फिल्म वापरली गेली. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकाचा कडक, पातळ थर.

सर्वांत मोठा बदल मात्र गाजावाजा न करता झाला. १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत रूढ झाली. त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं असतात. एकेकाळी मालक फडक्याने जे करत असे, त्यातलं बरंचसं काम आता कारखान्यातच होऊन येतं. पण हा थर माणसाच्या केसाहून पातळ असतो आणि दर वेळी मशीनने रबिंग केलं की त्यातलाच थोडा निघून जातो.

मेण असो की सिरॅमिक, वरच्या थराचं काम एकच: खालच्याच्या आधी स्वतः झिजणं. त्यामुळे ‘आयुष्यभराची हमी’ ऐकली की थोडं थांबावं. सावलीत पार्किंग, पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी धुणं, समुद्रकाठी राहत असाल तर खारं पाणी वेळच्या वेळी काढणं आणि काचेला सनशेड, इतकं सांभाळून वर्षातून दोनतीनदा मेण लावलं, तरी बहुतेक गाड्यांना पुरतं. उरलेले पैसे चांगल्या टायरवर खर्च करा.