कोळसा खाणीतील घातक वायू आणि खाणकामगार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : इंग्लंडची औद्योगिक क्रांती कोळशावर उभी राहिली, मात्र त्याची किंमत खाणकामगारांनी प्राण देऊन मोजली. २५ मे १८१२ रोजी फेलिंग येथील खाणीतील स्फोटात ९२ पुरुष व मुले मृत्युमुखी पडली. कोळशाच्या थरांतून सुटणारा मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की उघड्या ज्योतीनेही त्याचा स्फोट होतो. म्हणून हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये ज्योतीभोवती तारेची जाळी असलेला सुरक्षा दीप तयार केला. परंतु त्याच्या भरवशावर अधिक वायू असलेल्या खाणीही खोदल्या जाऊ लागल्या आणि स्फोट थांबले नाहीत.

१८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन येथे स्फोटात ५७ कामगार दगावले. यांपैकी बहुतेकांचा मृत्यू स्फोटाच्या आघाताने नव्हे, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे झाला, हे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी मृतदेहांच्या तपासणीतून दाखविले. रंग व गंध नसल्याने या वायूची चाहूल लागत नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावतो आणि शरीर प्राणवायूला मुकते. लहान प्राण्यांवर त्याचा परिणाम लवकर होत असल्याने हॉल्डेन यांच्या सूचनेवरून खाणीत कॅनरी पक्षी नेले जाऊ लागले. ब्रिटनमध्ये ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली.

निष्कर्ष : स्फोटातून बचावलेले कामगारही वायूने मरत होते. त्यामुळे स्फोट टाळण्याइतकेच त्यानंतरचे बचावकार्यही महत्त्वाचे आहे, हे हॉल्डेन यांच्या संशोधनाने स्पष्ट केले.