पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये

परवा भाचा घरी आला होता. हिंजवडीत एका कंपनीत नऊ वर्षं काढली पोरानं. सकाळी एचआरनं बोलावलं, दुपारी लॅपटॉप जमा, संध्याकाळी घरी. "स्वतःहून राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ देतो," असं सांगितलं. यानंही दिला. फ्लॅटचा हप्ता आहे, पोरगी सिनियर केजीत आहे, लेटर खराब झालं तर पुढची नोकरी अवघड. मोबाइलवर शेवटच्या पगाराची स्लिप दाखवत तो म्हणाला, "मामा, बघ ना, जाता जाता पण दोनशे कापलेच."

ते दोनशे म्हणजे प्रोफेशन टॅक्स. व्यवसाय कर. महाराष्ट्रात बरा पगार घेणाऱ्या प्रत्येकाचा कापला जातो. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कारण राज्यघटनेतच कमाल मर्यादा घातली आहे. फेब्रुवारीत शंभर जास्त का, हे ऑफिसात दरवर्षी कोणीतरी विचारतं. पण हा कर मुळात आला कशासाठी, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

तो आला बेकारांसाठी. ही गोष्ट नीट सांगावीशी वाटते, कारण सध्या पुण्यात ज्या घरात जावं तिथं कुणाची तरी नोकरी गेल्याची कुजबूज आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. ती निदान बातमी तरी झाली. बाकी ठिकाणी भाच्यासारखे राजीनामे होतात, त्यांची बातमी होत नाही.

तर, १९७२.

माझी आजी दौंडकडची. त्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. आजोबांकडं चार एकर होतं, म्हणजे गावाच्या हिशेबानं ती मजुरीण नव्हती. पण सलग पावसानं दगा दिलेला, विहीर कोरडी, बैल विकलेले. मग बागायतदाराची सून आणि त्याच्याच शेतावर खुरपणीला येणारी बाई एका ढिगाऱ्यावर शेजारी शेजारी हातोडी घेऊन बसल्या. आजी सांगायची, पहिले दोन दिवस तिनं पदर तोंडावर ओढून काम केलं. तिसऱ्या दिवशी पदर खोचला. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो, कामावर सुकडी. सुकडीची चव तिला शेवटपर्यंत आवडत नव्हती, पण पोरांनी ती खाल्ली म्हणून जगली, असं म्हणायची.

त्या काळात वसंतराव नाईकांच्या सरकारनं राज्यभर दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एका राज्यात, एका वेळी. जगभरचे अर्थशास्त्रज्ञ आजही त्याचा अभ्यास करतात, कारण इतकं पीक बुडूनही त्या प्रमाणात माणसं दगावली नाहीत. फार हाल झाले, त्यात शंका नाही. पण हातात काम आणि कामाचा रोख पैसा होता, म्हणून बाजारातून धान्य गावापर्यंत आलं.

याच्या मागे एक कल्पना आधीच तयार होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात, विसापूरकडं, १९६५ मध्येच एक प्रयोग करून पाहिला होता. जो काम मागेल त्याला काम द्यायचं, त्यातून गावाच्या उपयोगाचं काहीतरी उभं करायचं. साधी गोष्ट वाटते. पण त्यातला फरक बघा: सरकारला वाटलं म्हणून काम काढायचं नाही, माणसानं मागितलं म्हणून काढायचं. आणि इकडं पुण्यात, गोखले इन्स्टिट्यूटमध्ये, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ लिहून हेच मांडलं होतं, की गरिबाला रोजगार देणारी कामं काढा आणि त्याचा भार वरच्या थरांनी उचलावा. तेव्हा पुण्यातल्या पुण्यातच त्यावर कडाडून टीका झाली. ते असो.

रोजगार हमी योजना १९७२ मध्ये जाहीर झाली. दुष्काळी कामं चालू असल्यानं ती थोडी मागं पडली, मग पुन्हा सुरू झाली. प्रश्न पैशाचा होता. दुष्काळ संपला की सरकारची तिजोरी पुन्हा दुसरीकडं वळते. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, दुकानदार, ज्याचं बरं चाललंय त्यानं थोडं द्यायचं, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या बाजूनं घालायची. व्यावसायिक गाळा असेल तर मालमत्ता कराच्या बिलावर ‘रोजगार हमी उपकर’ हा शब्द आजही सापडेल. पुढं १९७७ मध्ये हमीचा कायदाच केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारभत्ता द्यायचा. भत्ता अगदीच किरकोळ होता, पण देशात पहिल्यांदाच कामाचा हक्क कायद्यात लिहिला गेला. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ चा, म्हणजे आपल्यानंतर पाव शतकानं.

आरती ओवाळायला बसलेलो नाही. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं असायची. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हण आमच्या लहानपणी पोरांनाही पाठ होती. नव्वदच्या दशकात कामं आटत गेली, कर मात्र कापला जात राहिला. तरीही मोर्चा काढून तहसीलदाराला "काम दे, नाहीतर भत्ता दे" म्हणता येत होतं. असे मोर्चे निघाले आणि त्यात बाया पुढं होत्या, कारण या कामांवर बायकांची संख्या मोठी होती.

आता या कायद्यातली खोच. हमी होती ग्रामीण भागाला आणि ‘क’ वर्ग नगरपालिकांना. पुण्यासारख्या शहराला नाही. तेव्हा ते बरोबरही वाटलं असेल. शहरात काम असतं, खेड्यात नसतं, असा सगळ्यांचाच समज होता. शहरानं पैसा द्यायचा, खेड्यानं माणूस सांभाळायचा.

पण त्याच दुष्काळानं हजारो लोक पुण्यातही आणून टाकले. मराठवाड्यातून, सोलापूरकडून. ते झोपडपट्ट्यांमध्ये राहिले, बांधकामावर गेले, हमाली केली, बायांनी रस्त्यावरचा कागद-काच वेचला. त्यांना शहरात कुठलीच हमी नव्हती, म्हणून ती त्यांनी स्वतः उभी केली. हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, स्वस्तात पोटभर जेवण. बाबा आढावांच्या पुढाकारानं १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत झाली आणि २००८ मध्ये त्याच बायांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करू लागली. तुमच्या सोसायटीत सकाळी ढकलगाडी घेऊन जी ताई येते, तिच्या आईनं किंवा सासूनं बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला असण्याची बरीच शक्यता आहे.

मग पाळी आली पक्क्या नोकरीवाल्यांची. पिंपरी-चिंचवडमध्ये नव्वदीनंतर एकेक गेट बंद होत गेलं. बजाजनं २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं, तेव्हा मी नवखा बातमीदार होतो. निदान व्हीआरएस तरी होती, युनियन होती, गेटवर तंबू होता. मोठा कारखाना बंद करायचा किंवा माणसं काढायची तर सरकारची परवानगी लागायची, म्हणून मालक बोलणी करायचे. पैसे मिळाले त्यातून कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी घर बांधलं, कुणी भिशीत बुडवले. २०१९ च्या वाहन मंदीत चाकण-भोसरीत तेही दिसलं नाही. कंत्राटी पोरांना उद्यापासून येऊ नका म्हटलं, संपलं. ते आकड्यात धरलेच जात नाहीत.

आणि आता भाचा. त्याच्यासाठी काय आहे, हे मी दोन दिवस शोधत बसलो. ईएसआयची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आहे, त्यात नोकरी गेल्यावर ९० दिवस निम्मा पगार मिळतो. पण ईएसआयची पगारमर्यादा २१ हजार, याचा पगार त्याच्या कितीतरी वर. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत, काढलेल्या कामगारासाठी मालकानं पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायची तरतूद आहे. पण याला काढलेलं नाही ना! यानं राजीनामा दिलाय, स्वतःहून. कागदावर तर तो बेकारही नाही, दुसऱ्या संधीच्या शोधात आहे.

नऊ वर्षांत त्यानं व्यवसाय करापोटी साडेबावीस हजार भरले. गेल्या पन्नास वर्षांत या शहरानं किती भरले असतील, विचार करा. माझा त्या पैशाला विरोध नाही, तो माझ्या आजीच्या खडीचा पैसा आहे. पण राजस्थाननं २०२२ मध्ये शहरी रोजगार हमी सुरू करून पाहिली, केरळमध्ये तशी योजना त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ज्या महाराष्ट्रानं ही कल्पना देशाला दिली, त्यानं शहरासाठी तिचा विचारच केला नाही. इंजिनियरला खड्डे खणायला लावा असं म्हणत नाही मी. महापालिकांच्या शाळा, दवाखान्यांच्या नोंदी, नदीचं सर्वेक्षण, पाण्याच्या गळतीचा हिशेब, शिकलेल्या माणसाला सहा महिने पुरेल इतकं काम या शहरात पडून आहे. पण ते मागायचं कुणाकडं? पंधरा दिवसांत नाही दिलं तर भत्ता मागायचा कुठल्या खिडकीवर?

काल सकाळी भाच्याला सोडायला गेलो, तर डांगे चौकात थांबावं लागलं. मजूर अड्डा भरला होता. डबे आणि फावडी घेऊन माणसं उभी, त्यांच्या मागून हिंजवडीच्या बसा चाललेल्या. भाचा बराच वेळ खिडकीतून बघत होता. म्हणाला, "यांना तरी कळतं, आज काम नाही मिळालं ते. मी अजून घरी सांगितलं नाहीये, रोज बॅग घेऊन बाहेर पडतो."

तेव्हा त्याला आजीच्या पदराची गोष्ट सांगितली.

तुमच्या घरातलं कुणी बहात्तरच्या कामावर गेलं असेल, तर काय केलं, काय मिळालं, ते खाली लिहा. आणि सध्या असा राजीनामा दिलेलं कुणी असेल तर इनबॉक्स करा, नाव छापणार नाही. किती जण आहेत ते तरी मोजूया.