निबंधाचे दोन अर्थ

हॅम्लेटच्या दिरंगाईची कारणमीमांसा करा. मिल्टनचा सैतान हाच त्याच्या महाकाव्याचा नायक आहे काय, याची चर्चा करा. वर्ड्‌स्वर्थची निसर्गविषयक दृष्टी सोदाहरण स्पष्ट करा. आपल्या विद्यापीठांतून इंग्रजी साहित्य घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला झोपेतून उठवून हे प्रश्न विचारले तरी त्यांची उत्तरे येतात. ‘येतात’ हेच क्रियापद येथे योग्य होय. कारण ती त्याने शोधलेली नसतात. कोलरिजच्या मते हॅम्लेटच्या अतिविचाराने त्याची कृती खुंटते. ब्रॅडलीच्या मते त्याला ग्रासणारी विषण्णता हे खरे कारण आहे. विद्यार्थी ही दोन मते शेजारी मांडतो, खाली रेघ ओढतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्याला स्वतःला हॅम्लेट कसा वाटला, हे त्याला कोणी विचारलेले नसते आणि बहुधा त्यानेही स्वतःला विचारलेले नसते.

या प्रकाराला आपण घोकंपट्टी म्हणतो आणि त्याचा दोष कधी विद्यार्थ्याला, कधी गाईडांना, तर कधी मेकॉलेला देऊन मोकळे होतो. आम्हांला मात्र वाटते की या दुखण्याचा इतिहास जरा निराळा आहे आणि तो ‘निबंध’ या शब्दापासूनच पाहायला हवा.

इंग्रजीतला ‘एसे’ हा शब्द फ्रेंचमधून आला. माँतेन्यने १५८० साली आपल्या लेखांना हे नाव दिले तेव्हा त्याचा अर्थ होता प्रयत्न, चाचपणी, स्वतःलाच पारखून पाहणे. आपला ‘निबंध’ शब्द मात्र बांधणीतून आलेला आहे. धर्मशास्त्राच्या परंपरेत निबंध म्हणजे पूर्वसूरींच्या वचनांचा साक्षेपाने बांधलेला संग्रह. तेराव्या शतकात यादवांच्या दरबारातील हेमाद्रीने रचलेला ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा असा निबंधग्रंथ आहे आणि कमलाकरभट्टाचा १६१२ चा ‘निर्णयसिंधू’ही. निबंधकाराने स्वतःचे अनुभव सांगावेत अशी तेथे अपेक्षा नव्हती. प्रमाणवचने गोळा करून त्यांची व्यवस्था लावणे हे त्याचे काम. या दृष्टीने पाहिले तर आपला परीक्षार्थी ‘एसे’ लिहीतच नाही. तो जुन्या अर्थाने निबंध रचतो. स्मृतींच्या जागी कोलरिज आणि ब्रॅडली आले, एवढाच फरक. किंबहुना तो निबंधकारापेक्षाही कमी करतो. दोन स्मृतींत विरोध आला तर निबंधकाराला निर्णय द्यावा लागे. ग्रंथाच्या नावातच ‘निर्णय’ आहे. आपली उत्तरपत्रिका तेवढेही धाडस करीत नाही.

ही वचनसंग्रहाची रीत इंग्रजी साहित्याच्या अभ्यासात कोठून शिरली? ती इंग्रजी समीक्षेच्या मूळ स्वभावातली नव्हे. ज्या लेखनाला आपण आज अभिजात समीक्षा म्हणून नेमतो, त्यातले बरेचसे परीक्षेशी काहीही संबंध नसलेल्या माणसांनी नियतकालिकांसाठी आणि ग्रंथविक्रेत्यांसाठी लिहिले. ॲडिसनने ‘पॅरडाइज लॉस्ट’वरचे लेख १७१२ मध्ये ‘स्पेक्टेटर’च्या सामान्य वाचकांसाठी लिहिले. पैशाअभावी ऑक्सफर्ड अर्ध्यावर सोडलेल्या जॉन्सनने कवींची चरित्रे लिहिली ती ग्रंथविक्रेत्यांच्या मागणीवरून. शेक्सपिअरच्या पात्रांवर १८१७ साली पुस्तक लिहिणारा हॅझलिट पत्रकार होता. आणि शेक्सपिअरच्या शोकांतिका रंगभूमीवर मावत नाहीत, असे १८११ साली बजावणारा चार्ल्स लँब लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये कारकून होता. १७९२ ते १८२५ अशी तेहतीस वर्षे त्याने कंपनी सरकारचे हिशेब लिहिले.

लँबची ही नोकरी आम्ही मुद्दाम सांगतो. ज्या कंपनीच्या कचेरीतून सुटल्यावर तो शेक्सपिअर वाचत असे, त्याच कंपनीच्या राज्याने पुढे शेक्सपिअरचा पेपर केला. १८३५ साली मेकॉलेचे टिपण आणि बेंटिंकचा ठराव आला. हिंदुस्थानातील शाळा-महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य अभ्यासाचा, परीक्षेचा आणि पुढे नोकरीचाही विषय झाले. १८५४ साली मेकॉलेच्याच अध्यक्षतेखालील समितीने सनदी नोकरीच्या खुल्या परीक्षेची आखणी केली. त्यातील एकूण ६८७५ गुणांपैकी १५०० गुण इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास यांना होते. ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५०. गुण आले तशा लंडनमध्ये उमेदवारांकडून घोकून घेणाऱ्या खाजगी शिकवण्याही आल्या.

गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात दाखवून दिले की, इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय म्हणून इंग्लंडमध्ये स्थिरावण्यापूर्वी हिंदुस्थानात रुजला. यात थोडी भर घातली पाहिजे: लंडनमध्ये १८२८ सालीच टॉमस डेल हे इंग्रजीचे प्राध्यापक नेमले गेले होते. पण ऑक्सफर्डची गोष्ट बोलकी आहे. तेथे इंग्रजीची स्वतंत्र शाखा १८९४ मध्ये सुरू झाली. साहित्याची परीक्षा घेणार कशी, तो तर रुचीचा प्रश्न, असा आक्षेप इतिहासकार फ्रीमन यांनी १८८७ मध्ये घेतला होता. १९०४ मध्ये तेथे इंग्रजी साहित्याचे अध्यापनपद निर्माण झाले, त्यावर वॉल्टर रॅली आले. आणि हे रॅली १८८५ ते १८८७ या काळात अलीगढच्या महाविद्यालयात शिकवून आलेले होते. म्हणजे मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे १८६२ साली बाहेर पडले, तेव्हा या विषयाची स्वतंत्र पदवी ऑक्सफर्डला माहीतही नव्हती.

आमचा मुद्दा यातून निघतो. आपल्याकडे इंग्रजी साहित्य आले ते समीक्षेआधी परीक्षा होऊन. परीक्षकाला गुण देता येतील असे काहीतरी लागते. रुचीला गुण देता येत नाहीत, माहितीला देता येतात. म्हणून टिपांच्या आवृत्त्या निघाल्या. डेक्कन कॉलेजचे सेल्बी यांनी बेकनच्या निबंधांना टिपा लिहिल्या. डाइटन यांच्या शेक्सपिअरच्या आवृत्त्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरल्या. ही कामे विद्वत्तेची होती. परंतु पानाच्या वरच्या बाजूला कवी आणि मागे अर्थ, अशी मांडणी एकदा अंगवळणी पडली की वाचणारा आधी मागचे पान उघडतो. आजची गाईडे ही त्या टिपांचीच गरीब नातवंडे होत. आणि अर्ध्या मिनिटात नीटनेटके उत्तर लिहून देणारे संगणकही त्याच कुळातले.

मग परीक्षेबाहेरचा निबंध आपल्याकडे लिहिलाच गेला नाही काय? गेला; आणि तो मराठीत लिहिला गेला. मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या दशकांत पदवी अभ्यासक्रमातून मराठी वगळली गेली होती. तिला परत जागा मिळावी म्हणून रानडे यांना दीर्घकाळ झटावे लागले. या हकालपट्टीचा एक अनपेक्षित फायदा झाला. इंग्रजीत जे लिहायचे ते परीक्षकासाठी. मराठीत जे लिहायचे त्याला गुण देणारा कोणीच नव्हता. १८७२ साली बी. ए. झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहिले. ‘निबंध’ या शब्दाचा धर्मशास्त्रीय अर्थ मागे पडून आजचा अर्थ मराठी मनात ठसला, त्याचे मोठे श्रेय या मालेला आहे.

मालेत जॉन्सनवर दीर्घ लेखन आहे. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभलेले भाषांतरही विष्णुशास्त्र्यांनीच पुरे केले. लॉर्ड चेस्टरफील्डचा आश्रय १७५५ साली एका पत्राने झिडकारणारा, लेखणीवर जगणारा हा माणूस त्यांना इतका जवळचा का वाटला असावा? सरकारी शाळेतली नोकरी १८७९ मध्ये सोडून १८८० च्या पहिल्या दिवशी न्यू इंग्लिश स्कूल उघडणाऱ्या शिक्षकाच्या चरित्रातच याचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. जॉन्सनविषयी लिहिताना ते स्वतःच्या जगण्याचा एक प्रश्न सोडवीत होते. मेकॉलेच्या धोरणाने घडलेला हा पदवीधर मेकॉलेच्या निबंधशैलीचा चाहता होता, आणि तीच शैली त्याने मेकॉलेच्या राज्यावर उलटवली.

गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण याहून धारदार आहे. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना त्यांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर हाती घेतले, १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. ज्याच्या देशात तुरुंगाची उपमा नाटकभर घुमते तो राजपुत्र एका कोठडीत मराठी बोलू लागला. नावातच आगरकरांचे वाचन आहे: हा विकारांचा खेळ आहे. हॅम्लेटच्या दिरंगाईवरील दहा गुणांच्या उत्तरापेक्षा या एका शब्दात अधिक समीक्षा आहे, कारण तो शब्द निवडण्यासाठी आगरकरांना निर्णय घ्यावा लागला.

परंतु या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादा लपवू नये. चिपळूणकरांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाची आणि भाषेची मालेतून केलेली टवाळी आजही वाचवत नाही. जॉन्सनच्या स्वाभिमानाला दाद देणारी दृष्टी शेजारच्या स्वाभिमानाला ओळखू शकली नाही. आणि फुले तर स्वतः इंग्रजीचे वाचक होते. पदवीच्या वाटेला न गेलेल्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या या तरुणाने टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. हे पुस्तक काही सरकारने वाचायला दिलेले नव्हते. त्या वाचनाचा निबंध त्यांनी कोणाला तपासायला दिला नाही. ‘गुलामगिरी’ (१८७३) सारख्या पुस्तकांतून तो जगापुढे ठेवला.

हे सारे पाहून ‘आमचे पूर्वज थोर, आजचे विद्यार्थी आळशी’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि त्यांनी लिहिलेले अभिप्राय गोळा केले. १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये त्याचा वृत्तांत आहे. ज्यांची ती मातृभाषा, त्या निवडक विद्यार्थ्यांनाही अनेकदा साधा वाच्यार्थ लागला नाही. नामवंत कवी त्यांनी बिनदिक्कत नापास केले. नाव दिसत नसले की रुची चाचपडते, हे तेथेही खरेच होते. मात्र रिचर्ड्‌सनी त्या चुका गुण कापण्यासाठी वापरल्या नाहीत; त्यांनी त्या वाचल्या. त्यांच्याच विद्यार्थ्याने, विल्यम एम्प्सनने, त्यांच्यासाठी लिहायला घेतलेल्या निबंधातून ‘सेव्हन टाइप्स ऑफ ॲम्बिग्युइटी’ हे पुस्तक उभे राहिले. १९३० साली ते निघाले तेव्हा एम्प्सन चोवीस वर्षांचा होता. चुकण्याची मुभा असलेला निबंध कोठवर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण.

तेव्हा प्रश्न इंग्रजी शिकावे की न शिकावे हा नाही, आणि टिपा वापराव्यात की नाहीत हाही नाही. कोलरिज वाचावा, ब्रॅडलीही वाचावा. निबंधकाराने सर्व वचने जमवावीत. पण मग सिंधू ओलांडून निर्णयाला यावे. आम्ही शिक्षकांनी निदान एक करून पाहावे: वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्याला गुण न देता, त्याच्या स्वतःच्या भाषेत, हॅम्लेटविषयी चार पाने लिहायला सांगावे. ती पाने कच्ची असतील, काही ठिकाणी चुकलेलीही असतील. ती तपासू नयेत, वाचावीत. दीडशे वर्षांत आपण त्याच्या उत्तराला गुण पुष्कळ दिले, वाचक मात्र क्वचितच दिला.