तेरा दिवसांची रजा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८८८ च्या फेब्रुवारीत एका पत्रातून कलकत्त्याच्या एका बाईंविषयी चौकशी केली होती. त्या बाई म्हणजे कादंबिनी गांगुली. १८८३ मध्ये बी. ए. झालेल्या, त्याच वर्षी विवाह करून पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकलेल्या. नाइटिंगेलबाईंना त्यांच्यात विशेष वाटले ते हे की, या विद्यार्थिनीने बाळंतपणासाठी अवघे तेरा दिवस कॉलेज बुडवले आणि, ऐकिवात आहे त्याप्रमाणे, एकही व्याख्यान चुकवले नाही. (तेरा दिवस गैरहजर आणि तरीही एकही व्याख्यान न चुकलेले, हे गणित कसे जमले ते पत्रात उलगडत नाही.)

हे कौतुक मनापासूनचे आहे, यात शंका नाही. पण ते कौतुक कशाचे आहे, हे जरा थांबून पाहण्याजोगे आहे. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात परीक्षा मोजल्या जातात, पदके मोजली जातात, ‘पहिली’ कोण यावर वाद होतात. मूल मात्र या इतिहासात येते ते त्याने किती कमी अडथळा केला, हे सांगण्यापुरतेच. ज्यांनी ते सांभाळले त्यांची नावे कथनाच्या कडेला राहतात. १८९३ मध्ये कादंबिनी पुढील पदव्यांसाठी विलायतेला गेल्या, तेव्हा मुले सावत्र मुलगी विधुमुखी हिच्याकडे होती. विधुमुखींची ओळख आज होते ती उपेंद्रकिशोर राय यांची पत्नी म्हणून. कादंबिनींच्या यशातला त्यांचा वाटा क्वचितच कोणी सांगतो.

आपल्याकडची कथा अर्थातच आनंदीबाई जोशी यांची. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय जन्मला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कार्यकारणाची ही साखळी कथेला फार सोयीची आहे. पण गोपाळरावांची पत्नीला शिकवण्याची धडपड त्या बाळाच्या आधीपासूनची होती, आणि अमेरिकेला पाठवण्यासाठी मिशनऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार १८७८ पासूनचा आहे. दुःख खरेच असणार. मात्र त्या दुःखाला आपण जे एकमेव कारणाचे स्थान देतो, त्यात आपली स्वतःची एक गरज दडलेली असावी. आईपण आधी पुरेसे भोगल्याशिवाय बाईची महत्त्वाकांक्षा आपल्याला सोसत नाही.

खुद्द आनंदीबाईंनी काय लिहिले? २८ जून १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या आल्फ्रेड जोन्स यांना त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्यांचे वय तेव्हा अठरा होते. या पत्राचा जो भाग सर्वत्र उद्धृत होतो, त्यात स्वजनांचा विरोध आहे, पुरुष वैद्यापुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनी आहेत, स्वतःसाठी काही न मागण्याची भाषा आहे. बाळ नाही. बाळंतपण आणि हा अर्ज यांच्यामधली वर्षे भुज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्यांच्या गावी अभ्यासात गेली, तीही त्यांनी कैफियत म्हणून पुढे केलेली नाहीत. हे मौन संकोचाचे की शहाणपणाचे, ते आज ठरवता येणार नाही. मला ते शहाणपणाचे वाटते. शिवाय एक अप्रिय प्रश्न उरतोच: ते मूल जगले असते, तर ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून सुटलेल्या बोटीत आनंदीबाई असत्या काय?

मेरी शार्लीब या इंग्रज बाईंना या प्रश्नाचे उत्तर निराळे देता आले. मद्रासमधील बॅरिस्टरची पत्नी आणि तीन मुलांची आई असताना, १८७५ मध्ये, त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. पुढे १८८२ मध्ये लंडन विद्यापीठाची पदवी त्यांनी मिळवली. घरचे पैसे, नोकरचाकर आणि राज्यकर्त्यांची जात हे सारे त्यांच्या बाजूला होते. तरीही कॉलेजात जाताना त्यांचे वय तिशीला टेकलेले होते हे विसरू नये. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी खुल्या वर्गाला पंचवीस वर्षांची मर्यादा घातली होती. न्यायालयीन वादानंतर २०२२ मध्ये ती काढली गेली. त्या चार वर्षांच्या नियमात शार्लीबबाई बसल्या नसत्या.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण मात्र या सर्वांहून वेगळे, आणि अधिक बोचरे. १८८२ च्या फेब्रुवारीत पती गेले तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली, आणि १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या हेतूने मुलीला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. मुलीला मागे ठेवले नाही, सोडले नाही. वैधव्य, दोन वर्षांचे मूल, परका देश यांपैकी कशानेच त्यांना अडवले नाही. अडवले ते कानांनी. श्रवणदोषामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. चरित्रांतून हा प्रसंग एका ओळीत संपतो, कारण पुढे धर्मांतराचा मोठा वाद उभा असतो आणि लेखकांना तिकडे जाण्याची घाई असते.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई सभागृहात होत्या. मनोरमा पाचव्या वर्षात होती. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या.