वाक्य संपेपर्यंत पुरणारा आवाज : एक प्रस्तावना

चारचौघांसमोर उभे राहून बोलण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी येतेच. शाळेचे स्नेहसंमेलन, सोसायटीची वार्षिक सभा, ग्रामसभा, सेवानिवृत्तीचा सत्कार, एखादी शोकसभा. काय बोलायचे याची तयारी लोक करतात. मुद्दे चिठ्ठीवर उतरवतात, नावे विसरू नयेत म्हणून पाठ करतात. ज्या आवाजातून हे सगळे श्रोत्यांपर्यंत जायचे, त्याची तयारी मात्र आयत्या वेळी तोंडात टाकलेल्या खडीसाखरेच्या पुढे जात नाही. आवाज ही उपजत देणगी, ज्याला लाभली त्याला लाभली, असे आपण धरून चालतो. सभेत वापरायच्या आवाजाचा पद्धतशीर अभ्यास होऊ शकतो आणि तो कोणालाही करता येतो, या विश्वासाने हे पुस्तक लिहिले आहे. या विषयाच्या उंबरठ्यावर आलेल्या वाचकाचे स्वागत करताना आत काय काय आहे, ते थोडक्यात सांगतो.

सुरुवात एका साध्या वाक्यापासून करू. सभेत कोणी तरी उठून म्हणतो, “आमच्या वॉर्डातल्या रहिवाशांनी पाइपलाइनच्या या कामाला आजपर्यंत कधीही विरोध केलेला नाही.” ‘आमच्या वॉर्डातल्या’ हे शब्द दणक्यात येतात, कारण छाती नुकतीच भरलेली असते. ‘पाइपलाइनच्या या कामाला’पर्यंत निम्मी हवा खर्च होते. ‘विरोध’पाशी आवाज घशात उतरतो आणि ‘केलेला नाही’ हे दोन शब्द बोलणाऱ्याच्या शर्टाच्या कॉलरपलीकडे जात नाहीत. मागच्या रांगेला ऐकू येतो तो फक्त विरोध. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही शेवटी. म्हणजे ज्या शब्दावर सगळ्या वाक्याचा निकाल लागायचा, तो नेमका श्वास संपतो त्या जागी येऊन पडतो. सभेतल्या आवाजाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते एवढेच: आवाज मोठा असण्यापेक्षा तो वाक्य संपेपर्यंत पुरणे महत्त्वाचे. पुढची सगळी प्रकरणे या एका सूत्राची वेगवेगळ्या अंगांनी केलेली फोड आहे.

हा विचार आपल्याकडे जुना आहे. सहा वेदांगांपैकी ‘शिक्षा’ हे अंग उच्चाराचेच शास्त्र. ‘पाणिनीय शिक्षा’ या छोट्या ग्रंथात वाईट पाठकाची सहा लक्षणे सांगितली आहेत: गाऊन वाचणारा, घाई करणारा, डोके हलवणारा, लिहिलेले जसेच्या तसे वाचून काढणारा, अर्थ न समजता वाचणारा आणि क्षीण कंठाचा. या सहांत घशाचा दोष एकच आहे, तोही यादीच्या शेवटी. चांगल्या पाठकाच्या गुणांत गोडव्याबरोबर अक्षरांची स्पष्टता, शब्दांची योग्य तोड, धैर्य आणि लय सांभाळण्याची ताकद येते. वाघीण पिलांना दातांत धरून नेते तेव्हा ती त्यांना पडू देत नाही आणि चावतही नाही. वर्णांचा उच्चार तसा करावा, हा दाखलाही याच ग्रंथातला. जबडा आवळून बोलणाऱ्याला आणि शब्द सांडत जाणाऱ्याला, दोघांनाही तो लागू पडतो. सकाळचा पाठ छातीतल्या स्वराने, दुपारचा कंठातल्या आणि तिसऱ्या सवनाचा, म्हणजे सायंकाळचा, शीर्षातल्या स्वराने करावा, असेही तिथे सांगितले आहे. सकाळी आवाज जड असतो, तो हळूहळू मोकळा होतो, हे त्या काळच्या पाठकांना अनुभवाने ठाऊक असणार.

भरताच्या नाट्यशास्त्राने आवाजाची जागेशी सांगड घातली. नाट्यगृह फार मोठे बांधले तर नटाचे बोलणे अस्पष्ट होते आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, म्हणून मध्यम आकाराचे, ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे प्रेक्षागृह उत्तम, असा तिथला निर्णय आहे. श्रोता किती दूर बसला आहे ही गोष्ट वक्त्याइतकीच वास्तू उभारणाऱ्याचीही जबाबदारी आहे, हे त्यात गृहीत आहे. आपल्याकडच्या पत्र्याच्या सभामंडपात आणि घुमणाऱ्या मंगल कार्यालयात बोलून पाहिलेल्या प्रत्येकाला ते पटेल.

महाराष्ट्रात या विद्येची खरी शाळा चालवली ती कीर्तनाने. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात निरूपण करतात. ते आटोपले की मध्यंतरात बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि साथीदार भजन धरतात. मग उत्तररंगात आख्यान उभे राहते. वारकरी कीर्तनात तर टाळकरी मागे उभेच असतात. बुवांनी चरण म्हटला की ते तो उचलून धरतात. श्रोत्याला यात भक्तीचा सोहळा दिसतो. आवाजाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: दोन-दोन तास उभ्याने बोलणाऱ्या माणसाला या रचनेत ठरावीक अंतराने विसावा मिळतो. गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांनी कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारण्याची पद्धत वापरली. हजारो माणसे एका आवाजात उत्तर देत तेवढ्या अवधीत विचारणाऱ्याचा श्वास भरून होई. माइक नसलेल्या काळात जमाव बांधून ठेवण्याची याहून किफायतशीर रीत सापडणे कठीण. बाबा बोलले ते वऱ्हाडीत. तेव्हा चांगला आवाज म्हणजे पुस्तकी प्रमाण उच्चार, या समजाला इथेच रजा द्यावी. बोली कोणतीही असो, शब्द पूर्ण पोचला पाहिजे.

व्यासपीठावरच्या व्याख्यानाची परंपरा कीर्तनाच्या मानाने अलीकडची. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ऐकण्यासाठी जमणे हा नागर जीवनाचा भाग बनला. त्याच काळात पंडिता रमाबाईंनी विद्वानांच्या सभा जिंकल्या; १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवण्यात आले, १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्यांच्या संस्कृत पांडित्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण आईवडिलांबरोबर तीर्थाटन करताना देवळांत, घाटांवर पुराणे सांगत त्यांचे लहानपण गेले, हे आवाजाच्या दृष्टीने तितकेच मोलाचे आहे. उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीत बोलण्याचा तो सराव ज्या काळात बहुतेक स्त्रियांना मिळूच शकत नव्हता, त्या काळात तो त्यांना मिळाला. आजही मुलींना ‘हळू बोल’ असे बजावून वाढवायचे आणि पुढे सभेत त्यांचा आवाज पोचत नाही म्हणून तक्रार करायची, हा प्रकार आपण थांबवलेला नाही. आवाज सरावाने घडतो, आणि सरावाची मुभा समाज देतो.

मग ध्वनिवर्धक आला. १९१९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगो इथे राष्ट्राध्यक्ष विल्सन प्रचंड जमावापुढे विजेच्या ध्वनिवर्धकातून बोलले. पुढच्या काही दशकांत हे यंत्र जगभर पसरले आणि वक्त्याच्या फुप्फुसांवरचा भार उतरला. मात्र यंत्राने नवी कौशल्ये मागितली. मैदानात दूरदूर लावलेल्या कर्ण्यांमधून येणारा आवाज श्रोत्याला एकाच वेळी ऐकू येत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरवरच्या कर्ण्यातला शब्द जवळच्या कर्ण्यातल्या शब्दाच्या मागून सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने येतो आणि पुढच्या शब्दावर चढतो. अशा ठिकाणी वाक्यांमधला विराम ही शैलीची हौस राहत नाही, ती गरज होते. माइक वीतभर अंतरावर, तोंडाच्या किंचित बाजूला धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर त्यावर आदळत नाही. आणि माइक मिळाला तरी वाक्याचा शेवट गिळणाऱ्याची अडचण तशीच राहते, कारण जे तोंडातून निघालेच नाही ते यंत्र वाढवणार कुठून?

आवाज शरीरात नेमका कसा तयार होतो, हे डोळ्यांनी पाहण्याचा मान एका गाण्याच्या मास्तराकडे जातो. मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरयंत्र पाहिले आणि पुढच्या वर्षी ती निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. आज आपल्याला माहीत आहे की स्वरतंतू म्हणजे स्नायू आणि नाजूक आवरणाच्या दोन घड्या. खालून येणाऱ्या श्वासाने त्या उघडतात-मिटतात. पुरुषांत सेकंदाला साधारण १०० ते १३०, स्त्रियांत २०० च्या आसपास वेळा. शिक्षिकेच्या एका तासात निम्मा वेळ जरी आवाज सुरू असला, तरी हा आकडा साडेतीन लाखांच्या पुढे जातो. घसा बसतो तो उगाच नाही. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. बोलताना त्याहून थोडी अधिक लागते, पण छाती फुगवून खांदे उचलण्याची गरज मुळीच नसते. कळीची गोष्ट म्हणजे ती हवा सावकाश सोडणे. बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू तेच काम करतात, आणि व्यायामाच्या प्रकरणात बराचसा भर त्यांच्यावरच आहे.

मराठीत या विषयाची आधुनिक वाट संगीताच्या अंगाने आली. प्रा. बी. आर. देवधरांनी गायकाच्या आवाजाचा शास्त्रीय विचार केला, आणि त्यांच्याकडून दीक्षा घेतलेल्या अशोक दा. रानडे यांनी तो विचार नाटक आणि भाषण यांच्यापर्यंत नेला. गायकाकडून वक्त्याने घेण्यासारखे पुष्कळ आहे, विशेषतः आपली पट्टी ओळखणे. व्यासपीठावर पाऊल ठेवताच बहुतेकांची पट्टी चढते; घसा आवळतो, श्वास उथळ होतो आणि बोलणे पळू लागते. पहिले वाक्य मुद्दाम खालच्या पट्टीत, सावकाश घेतले की पुढचे भाषण जागेवर राहते. वक्त्याने गायकाकडून घेऊ नये अशीही एक गोष्ट आहे: स्वर लांबवण्याची सवय. भाषणातला अर्थ मुख्यतः व्यंजनांवर उभा असतो. घुमणाऱ्या सभागृहात स्वर एकमेकांत मिसळतात आणि ‘काल’ की ‘काळ’, ‘सात’ की ‘साठ’, हे केवळ व्यंजनाच्या टोकावरून ओळखावे लागते.

गोंगाटाचे प्रकरण स्वतंत्र आहे. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. वर्गात पंखे गरगरतात, मुले कुजबुजतात, बाई आवाज चढवतात, मग मुलेही चढवतात. ही चढाओढ बाई कधीच जिंकत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे जागा बदलणे, जवळ जाणे, थांबणे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की कानावर पडणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौपट होते. ओरडून तेवढा फरक पाडायचा तर घशाला भुर्दंड पडतो.

निगेबद्दलचे घरगुती ज्ञान आपल्याकडे भरपूर आहे आणि त्यातले काही तपासून घ्यावे लागते. ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते, पण गिळलेली कोणतीच गोष्ट स्वरतंतूंवरून जात नाही. गिळताना ती वाट बंद होते. पाणी उपयोगी पडते ते सगळ्या शरीरातून, म्हणून भाषणाच्या पाच मिनिटे आधी तांब्याभर पिण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे प्यावे. बसलेल्या घशाने कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती नव्हे. सारखे खाकरल्याने तंतू आणखी सुजतात. आणि घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही, तर काढे बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

हे पुस्तक कसे वाचावे, याबद्दल एकच सूचना. आवाजाचे पुस्तक मनातल्या मनात वाचून काही साधत नाही. कोणतेही पान उभे राहून मोठ्याने वाचा आणि घरातल्या कोणाला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शक्य झाल्यास पंखा सुरू करून, बसवा. वाक्यातला शेवटचा शब्द ऐकू आला नाही की त्यांनी हात वर करायचा. पहिल्या परिच्छेदात हात बऱ्याच वेळा वर जाईल. मग प्रत्येक वाक्याची तोड कुठे करायची, श्वास कुठे घ्यायचा, याच्या खुणा पेन्सिलीने करा आणि पुन्हा वाचा. हात वर जाणे ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी पहिले प्रकरण तुमचे झाले असे समजून दुसऱ्याकडे वळावे.