भिंत कलली तर

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी आपले कायदे दगडावर कोरून घेतले. काम नीट न झाल्याने भिंत कलली, तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने मजबूत करून द्यावी, असे त्यात आहे. घर कोसळून मालक दगावला, तर बांधणाऱ्याला देहदंड! शिक्षा अघोरी, पण भांडण ओळखीचे.

आमच्या सोलापुरात पहिल्याच पावसात स्लॅब गळतो. ठेकेदार म्हणतो, "सिमेंटच तसं आलं." मालक म्हणतो, "पैसे तर पुरते घेतले की!" मी असे वाद पुष्कळ ऐकलेत.

1993 मध्ये ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही 'सेवा' म्हणून आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात तेच मानले. मला हा बदल फार मोठा वाटतो. 2016 चा रेरा कायदा बिल्डरला पाच वर्षे दोष दुरुस्त करायला लावतो. पण आपल्या प्लॉटवर आपण ठेकेदार लावला, तर तो कामी येत नाही. तिथे ग्राहक आयोगच. तक्रार दोन वर्षांत करावी लागते, आणि आयोग कागद मागतो. आमच्याकडे ठराव तोंडी, हिशेब डायरीच्या मागच्या पानावर.